माहू येतो कुठून? ग्वाल्हेरच्या मोहरीवरचा मावा आणि त्याच्या पिढ्यांचं वेळापत्रक

फेब्रुवारी सरत आला की संध्याकाळी ग्वाल्हेरच्या मुरार भागातून लष्कर भागाकडे स्कूटरवर निघालेल्या माणसाच्या डोळ्यात हमखास काहीतरी जातं. चष्म्याच्या काचेवर बारीक काळपट ठिपके चिकटतात. अंगात पिवळी साडी किंवा पिवळा सदरा असेल तर घरी पोहोचेपर्यंत त्यावर पाच-पन्नास किडे बसलेले असतात. इथे सगळे त्याला माहू म्हणतात, राजस्थानच्या हद्दीकडे चेंपा म्हणतात, आणि महाराष्ट्रातला शेतकरी त्यालाच मावा म्हणतो. दोन-तीन आठवडे हा त्रास चालतो, होळीच्या आगेमागे आपसूक संपतो, आणि पुढच्या वर्षापर्यंत कोणाला त्याची आठवणही राहत नाही.

डोळ्यात गेलेला माहू चोळू नये. चोळल्याने तो चिरडतो आणि जास्त झोंबतं. स्वच्छ पाण्याचे हबके मारले की निघून जातो. त्या दिवसांत संध्याकाळी बिननंबरचा साधा चष्मा लावावा आणि पिवळे कपडे टाळावेत, एवढं पुरतं.

पण हे थवे येतात कुठून? रस्त्यावर माहू उडायला लागतो तेव्हा त्याची गोष्ट संपत आलेली असते. ती सुरू झालेली असते डिसेंबरात, डबरा-भितरवार, मुरैना, भिंडकडच्या मोहरीत, आणि तेव्हा तो कोणाच्या नजरेतही भरलेला नसतो. मधल्या अडीच महिन्यांत काय घडतं ते नीट कळलं, की मोहरी कधी पेरावी, फवारणी कधी करावी आणि कधी मुळीच करू नये, बियाण्याच्या बटाट्याचा पाला हिरवागार असतानाच का कापतात, गच्चीवरच्या शेवंतीचं काय करायचं, हे सगळं त्यातूनच उलगडतं.

एक शेंडा आणि एक भिंग

मावा लागलेला मोहरीचा किंवा मुळ्याचा शेंडा पांढऱ्या कागदावर ठेवा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. दोन मिलिमीटरच्या आसपासचे, फिकट हिरवे, मऊ, नासपतीच्या आकाराचे किडे दिसतील. अंगावर पिठासारखा मेणाचा पातळ थर असतो. पाठीच्या शेवटी दोन्ही बाजूंना एकेक आखूड नळी असते. मावा ओळखायची ही सर्वांत पक्की खूण आहे. तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांच्यापैकी कोणालाही अशा नळ्या नसतात.

या नळ्या शोभेच्या नाहीत. मावा खाणाऱ्या ठिपकेदार भुंगेऱ्याने किड्याला पकडलं की त्यांतून एक थेंब बाहेर येतो आणि त्याच्या वासाने शेजारचे किडे सोंड उपसून खाली उडी टाकतात. म्हणून मावा लागलेला शेंडा खुडण्याआधी त्याच्याखाली पिशवी धरावी आणि मग एका झटक्यात तोडावा. आधी फांदी हलवली की निम्मे किडे मातीत पडतात आणि रात्रीतून पुन्हा वर चढतात.

किड्याची सोंड पोटाखाली दुमडलेली असते. तिच्यात केसाहून बारीक सुई असते. पेशी-पेशींमधून वाट काढत ती झाडाच्या अन्नरसाच्या नळीपर्यंत पोहोचते. तिथला रस दाबाखाली असतो, त्यामुळे ओढून घ्यायची फारशी गरज पडत नाही. अडचण वेगळीच आहे: या रसात साखर भरपूर असते, पण शरीर बांधायला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी असतात. ती मिळवायची तर खूप रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागून टाकावी लागते. हाच तो चिकटा. त्यानेच पानं चकाकतात, कुंडीखालची फरशी चिकट होते, मुंग्यांची रांग लागते, आणि काही दिवसांनी त्याच साखरेवर काळी बुरशी वाढते. मग पानावर ऊन पडूनही पान उपाशी राहतं.

एवढं करूनही रसातून सगळी आवश्यक अमिनो आम्लं मिळत नाहीत. उरलेली तूट बुखनेरा नावाचे जिवाणू भरून काढतात. ते किड्याच्या शरीरातल्या खास पेशींत राहतात आणि आईकडून पिल्लाकडे पोटातच जातात. कोट्यवधी वर्षांची ही भागीदारी आहे. आज दोघांपैकी कोणीही दुसऱ्याशिवाय नीट जगू शकत नाही.

शेंड्यावर पांढरे, पोकळ, किड्याच्याच आकाराचे तुकडे दिसतील. पुष्कळ जण त्यांना बुरशी किंवा वेगळीच पांढरी कीड समजून औषध आणायला धावतात. ती माव्याने टाकलेली कात असते. पिल्लू मोठं होईपर्यंत चार वेळा कात टाकतं, तेव्हा कात दिसली याचा अर्थ इथे पिल्लं भराभर वाढताहेत.

आता भिंग स्थिर धरा आणि एखाद्या जाडसर, हालचाल न करणाऱ्या मादीकडे पाहत राहा. थोड्या वेळाने तिच्या मागच्या टोकातून फिकट रंगाचं काहीतरी बाहेर येऊ लागतं. पिल्लूच असतं ते, पाय अंगाशी घेतलेलं, मागचा भाग आधी आणि डोकं शेवटी. काही मिनिटांत ते पाय सोडवतं, सुटं होतं, दोन पावलं चालतं आणि आईच्या शेजारीच आपली सोंड खुपसतं. इथे अंडं नाही, कोष नाही, आणि नर तर कुठेच नाही.

नराशिवाय पिढ्या

ही गोष्ट पहिल्यांदा काटेकोरपणे तपासली ती जिनिव्हाच्या शार्ल बॉनेने, १७४० साली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याने नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू युऑनिमस नावाच्या झुडपाच्या फांदीवर एकटं ठेवलं, वर काचेचं भांडं पालथं घातलं आणि रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यावर नजर ठेवली. नराची सावलीही तिच्यावर पडली नाही. जून महिन्यात त्या एकट्या मादीने ९५ पिल्लांना जन्म दिला.

पुढे भिंगं सुधारली आणि आणखी एक गोष्ट दिसली. मादीच्या पोटात वाढणाऱ्या पिल्लाच्या पोटात तिच्या पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. म्हणजे तुम्ही एक मादी पाहता तेव्हा आजी, मुलगी आणि नात एकाच कातडीत असतात. म्हणूनच पिल्लू जन्मल्यावर आठवडा-दहा दिवसांत स्वतः आई होऊ शकतं. निम्मी तयारी जन्माआधीच झालेली असते.

मोहरीच्या माव्याचे आकडे आपल्याकडच्या शेतकी पाठ्यपुस्तकांत असे दिलेले असतात: एक मादी २६ ते १३३ पिल्लं देते, पिल्लू ७ ते १० दिवसांत पूर्ण वाढतं, आणि वर्षाला सुमारे ४५ पिढ्या होऊ शकतात. हिशेबापुरती एका मादीला ६० पिल्लं धरू आणि एकही मरत नाही असं समजू. पहिल्या पिढीत ६०, दुसरीत ३,६००, तिसरीत २,१६,०००, आणि सगळ्या माद्याच. हेच जर निम्मे नर आणि निम्म्या माद्या असं असतं, तर तिसऱ्या पिढीत २७,००० माद्या झाल्या असत्या. फक्त तीन पिढ्यांत आठपट फरक पडला. प्रत्यक्षात थंडी, पाऊस, भुंगेरे, बुरशी यांनी बहुतेक पिल्लं मरतात, पण ‘परवा काहीच नव्हतं आणि आज शेंडा भरलाय’ असं शेतकरी म्हणतो, तेव्हा तो काही वाढवून सांगत नसतो.

थंड मुलखातलं पूर्ण चक्र

मग नर असतात तरी कशाला? याचं उत्तर थंड प्रदेशात मिळतं. बॉनेने वापरलेल्या त्याच युऑनिमस झुडपावर युरोपात काळ्या माव्याची एक जात हिवाळा काढते, तिचं वर्ष पाहू.

हिवाळ्यात झुडपाच्या कळ्यांशेजारी फक्त काळी, चकचकीत अंडी असतात. वसंतात कळ्या फुटताना त्यातून जी मादी निघते ती कुळाची मूळमाता. तिला पंख नसतात, नर लागत नाही. ती सरळ पिल्लं देते. दोन-तीन पिढ्यांनी झुडपाचा रस वयानुसार बदलतो, गर्दी होते, आणि पंख असलेल्या माद्या निघतात. त्या उडून वाल, बीट यांसारख्या वेगळ्याच झाडांवर जातात. उन्हाळाभर तिथे माद्यांच्या पिढ्यांवर पिढ्या. शरद ऋतूत दिवस आखूड होऊ लागले की चक्र पालटतं: पंखवाल्या माद्या झुडपाकडे परततात, तिथे त्यांना बिनपंखी, अंडी घालणाऱ्या मुली होतात, आणि दरम्यान उन्हाळी झाडांवर जन्मलेले नर उडत येऊन त्यांना गाठतात. वर्षातून एकदाच मीलन होतं, एकदाच अंडी घातली जातात. कडाक्याच्या थंडीत मऊ अंगाचा किडा मरतो, अंडं मात्र टिकतं.

मीलनातून जन्मणारं प्रत्येक पिल्लू मादीच असतं, याचंही कारण आहे. मादीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, नरात एकच. नराचे ज्या शुक्राणूंत एक्स नसतं ते नष्ट होतात, त्यामुळे प्रत्येक फलित अंड्यात दोन एक्स येतात. वसंतात सगळं कूळ पुन्हा माद्यांचं.

दिवसाच्या लांबीवर हे सगळं चालतं हे एस. मार्कोविच या अमेरिकेतल्या संशोधकाने १९२४ साली दाखवलं. उजेडाचे तास कमी-जास्त करून त्याने माव्यात नर-मादीची पिढी वेळेआधी आणली. प्राण्यांच्या आयुष्यावर दिवसाच्या लांबीचा ताबा असतो, हे दाखवणाऱ्या पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते. पण एक गाठ उरते: वसंतातही दिवस आखूडच असतात, मग तेव्हा नर का निघत नाहीत? ए. डी. लीस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ती सोडवली. अंड्यातून निघालेलं कूळ जणू दिवस मोजत असतं. ठरावीक काळ उलटेपर्यंत आखूड दिवसांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. एकेका किड्याचं आयुष्य काही आठवड्यांचं, आणि ही मोजणी मात्र आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे चालू राहते. माव्याबद्दलच्या सगळ्या माहितीत आम्हाला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच.

ग्वाल्हेरचं अर्धं चक्र

आपल्याकडे या चक्राचा अंडी-नरांचा भाग गळून पडतो. मैदानी भागात मोहरीचा मावा माद्यांवरच चालतो.

कारण साधं आहे. युरोपात माव्याचा शत्रू हिवाळा आहे, ग्वाल्हेरात उन्हाळा. जानेवारीतल्या चार-पाच अंशांच्या रात्रीत पिल्लाची वाढ मंदावते, पण दुपारी ऊन पडलं की ती पुन्हा सुरू होते. अंड्यात दडून बसायची गरजच नाही. उलट मे महिन्याच्या ४५ अंशांत मऊ अंगाचा किडा टिकत नाही, आणि मोहरीच्या कुळातलं हिरवं झाडही कुठे दिसत नाही. दिवसाची लांबीही इथे तेवढी बदलत नाही: युरोपात पन्नास अक्षांशावर डिसेंबरचा दिवस आठ तासांचा आणि जूनचा सोळा तासांचा, तर ग्वाल्हेरला साडेदहा आणि पावणेचौदा.

त्यामुळे इथलं वेळापत्रक आपल्या सणांवर बसवता येतं.

दसऱ्याच्या सुमारास मोहरी पेरली जाते. तेव्हा मावा जवळजवळ नसतो. उन्हाळा-पावसाळ्यात तो थंड डोंगराळ भागात आणि सावलीतल्या ओलसर जागी, त्याच कुळातल्या भाज्यांवर, तणांवर थोडक्या संख्येने तग धरून असतो. हवा थंडावली की तिथून पंखवाल्या माद्या वाऱ्यावर निघतात. त्यांना नीट उडता येत नाही. वारा नेईल तिकडे जायचं आणि खाली पिवळं-हिरवं दिसलं की उतरायचं, एवढंच त्यांच्या हातात असतं. पिवळ्या सदऱ्याचं रहस्य हेच. मोहरीचं फुललेलं शेत म्हणजे त्यांच्यासाठी मैलभरावरून दिलेलं आमंत्रण.

डिसेंबरात त्या शेतात उतरतात, बहुधा बांधाकडच्या ओळींत. झाडामागे एक, फार तर दोन. डोकं आणि छाती काळी, पोट हिरवट, पंख पारदर्शक. या वेळी कोणी त्यांच्याकडे बघत नाही, आणि नेमकी हीच वेळ बघायची असते. प्रत्येक पंखवाली मादी बिनपंखी मुली देते. बिनपंखी मुलीला पंखांवर आणि उडण्याच्या स्नायूंवर काही खर्च करावा लागत नाही, ती सगळं पिल्लांवर लावते.

संक्रांतीपर्यंत फुलांच्या शेंड्यांवर वस्त्या दिसू लागतात. वाढत्या शेंड्याच्या रसात अमिनो आम्लं जास्त असतात, म्हणून मावा जुनी पानं सोडून शेंडा धरतो. त्यात मावठाचे, म्हणजे हिवाळी पावसाचे, ढग आले, हवा दमट झाली आणि दिवसरात्रीचं सरासरी तापमान दहा ते वीस अंशांत राहिलं, की वाढीला उधाण येतं. नुसते ढग मावा वाढवतात, जोराचा पाऊस मात्र त्याला धुऊन काढतो. ‘पाऊस झाला म्हणून मावा वाढला’ असं जे ऐकू येतं ते अर्धंच खरं. पावसानंतर रेंगाळलेल्या ढगाळ दिवसांनी तो वाढतो.

वसंत पंचमी ते महाशिवरात्र हा कळस. शेंडा बोटभर लांबीपर्यंत किड्यांनी लिंपलेला, शेंगा वाकड्या, दाणा बारीक. इतक्या दाटीत किडे सतत एकमेकांना घासतात, धडकतात. हा स्पर्शच आईच्या शरीराला निरोप देतो की पुढच्या मुलींना पंख हवेत. शेंगा पिकू लागल्या की रसही आटतो, आणि तो दुसरा निरोप. दोन्ही एकत्र आले की शेतामागून शेतं पंखवाल्या माद्या सोडू लागतात, आणि त्यांतल्या काही मुरारच्या रस्त्यावर तुमच्या चष्म्याला येऊन आदळतात.

होळीच्या सुमारास दुपारचं तापमान तिशीच्या पुढे जातं, पीक कापणीला येतं, भुंगेरे संख्येने वाढलेले असतात. मावा बसतो.

पेरणीचं महत्त्व यातूनच कळतं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेली मोहरी डिसेंबरात फुलते आणि माव्याचा कळस येईपर्यंत तिच्या शेंगा टणक होत आलेल्या असतात. नोव्हेंबरात पेरलेली जानेवारीत फुलते, म्हणजे ताट वाढून पाहुण्याची वाट पाहिल्यासारखं. एकाच गावात, एकाच बियाण्याच्या दोन शेतांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो या पंधरा-वीस दिवसांमुळे. नत्राचा शेवटचा मोठा हप्ताही असाच नडतो: युरिया जास्त झाला की झाडाच्या रसात अमिनो आम्लं वाढतात आणि मावा त्यावर पोसतो.

बटाट्याचा पाला हिरवा असताना का कापतात

ग्वाल्हेरात बटाटा संशोधनाचं केंद्र आहे, सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं. आणि तिथलं बियाण्याचं सगळं गणित माव्याच्या वेळापत्रकावर उभं आहे.

बटाट्यावर येणारी जात वेगळी, हिरवा पीच मावा. तिच्या रस पिण्याने बटाट्याचं फारसं बिघडत नाही. ती विषाणू पसरवते, तिथे खरं नुकसान होतं. एकदा विषाणू कंदात शिरला की तो कंद बियाणं म्हणून लावलेल्या पुढच्या प्रत्येक पिकात जातो आणि उत्पन्न वर्षागणिक उतरतं. म्हणूनच पूर्वी मैदानातले शेतकरी बियाणं डोंगरातून आणत. १९६० च्या आसपास या संस्थेने एक साधी पण फार मोलाची पद्धत रुजवली: मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा कमी असतो, तर बियाण्याचं पीक त्याच खिडकीत वाढवायचं.

पद्धत अशी. निरोगी बियाणं ऑक्टोबरात लावायचं. विषाणूची लक्षणं दिसणारं झाड कंदासकट उपटायचं. नोव्हेंबरअखेरपासून दर आठवड्याला शेतातली १०० संयुक्त पानं (एका देठावर अनेक छोटी पानं असलेली) तपासून मावा मोजायचा. १०० पानांवर २० किडे झाले की थांबायचं नाही, पाला जमिनीसरशी कापायचा. साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा. (इथे पाला म्हणजे पानं-देठ; हिंदीत रात्री पडतो तो पाला, म्हणजे गोठलेलं दव, नव्हे. आपल्या ग्वाल्हेरी मराठीत दोन्ही चालतात, म्हणून सांगितलं.) मग कंद १५ ते २० दिवस मातीतच ठेवायचे, साल घट्ट झाली की काढायचे. विषाणू पानातून कंदापर्यंत उतरायला वेळ लागतो. त्याआधी वाटच कापून टाकायची, एवढा साधा विचार आहे. कापल्यावर पुन्हा फूट आली तर तीही काढावी लागते. कोवळ्या फुटीवर मावा आधी बसतो, आणि इथेच बरेच जण चुकतात.

‘औषध फवारलं तर पाला का कापायचा’ असं विचारतात. पान गुंडाळणारा विषाणू माव्याच्या शरीरात शिरून लाळेपर्यंत पोहोचायला बराच वेळ घेतो, तेवढ्यात औषध काम करू शकतं. पण बटाट्याचा ‘वाय’ नावाचा दुसरा विषाणू सुईच्या टोकावर चिकटून जातो. पान चाखायला किड्याने काही सेकंद सुई टोचली की काम झालं. औषधाने तो नंतर मेला तरी उपयोग नाही.

मोजायचं कसं, मारायचं कसं

मोहरीत डिसेंबरच्या मध्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात जा. बांधाकडून आत तिरकं चालत वेगवेगळ्या ठिकाणची किमान २०-२५ झाडं पाहा. प्रत्येकाचा मधल्या दांड्याचा वरचा १० सेंटिमीटर भाग पांढऱ्या कागदावर हलके झटका आणि मोजा. सुरुवातीला फक्त कडेच्या झाडांचे एक-दोन शेंडे भरलेले असतील तर ते खुडून पिशवीत बांधून नष्ट करा. एक शेंडा खुडणं म्हणजे त्याच्या पुढच्या तीन पिढ्या खुडणं. १० टक्के झाडांवर मावा दिसला किंवा झाडामागे सरासरी २६ ते २८ किडे झाले तर फवारणीची वेळ आली, असा आकडा शिफारशींत धरतात. औषध आणि त्याचं प्रमाण डब्यावरच्या लेबलाप्रमाणे आणि कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच घ्यावं. फवारणी दुपारी चारनंतरच. सकाळपासून दुपारपर्यंत मधमाश्या फुलांवर असतात, मुरैना-भिंडकडे मोहरीच्या कडेला त्यांच्या पेट्याच ठेवलेल्या असतात, आणि दाणा भरण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पंखवाले थवे उडायला लागल्यावर, शेंगा टणक झाल्यावर केलेली फवारणी आमच्या मते पैसे आणि मधमाश्या दोन्ही वाया घालवते. तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं आणि मावा स्वतःच निघायच्या तयारीत असतो. तरी दरवर्षी सर्वांत जास्त पंप त्याच आठवड्यात पाठीवर चढतात, कारण तेव्हा मावा डोळ्यांना दिसतो.

गच्चीवर किंवा अंगणात प्रकरण सोपं आहे. आधी हे ओळखा की बहुतेक मावा आपापलं झाडांचं कूळ सोडत नाही. शेवंतीवरचा काळसर मावा कोबीवर जात नाही. भोगीच्या भाजीला आणलेल्या वालपापडीवर दिसतो तो काळा मावा शेंगवर्गाचा. रस्त्याकडेच्या रुईवर आणि कण्हेरीवर पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा असतो, त्याच्यापासून तुमच्या मोहरीला काही धोका नाही. रुई उपटायला जाऊ नका. तिच्यावर भुंगेरे पोसले जातात.

पहिला उपाय पाण्याचा. सकाळी नळीने पानांच्या खालून जोराची धार मारा, तीन दिवस लागोपाठ. सोंड तुटून पडलेला किडा सहसा परत चढत नाही. तरी राहिला तर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम अंगाला लावायचा मऊ साबण किसून विरघळवा आणि संध्याकाळी फवारा. साबण किड्याच्या अंगावरचं मेण काढतो आणि पेशींची आवरणं फोडतो, पण ओला असेपर्यंतच. वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून तो पानाच्या खालच्या बाजूला, थेट किड्यावर पडायला हवा. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि वर साय येते, तेव्हा नळाचं पाणी घ्या. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, पानांच्या कडा करपतात. कुठलंही मिश्रण आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा.

कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, त्यात एक-दोन मिली पातळ साबण, नाहीतर तेल वरच तरंगतं. निंबोळीचा अर्क करायचा तर ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून कपड्याने गाळा. कडुनिंब किड्याला तिथल्या तिथे मारत नाही. पिल्लाला कात टाकता येत नाही म्हणून ते मरतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मावा दिसला म्हणून निराश होऊ नये, पाच दिवसांनी पाहावं. फवारणी पाच ते सात दिवसांनी पुन्हा करायची. पहिल्या वेळी सुटलेलं पिल्लू आठ-दहा दिवसांत आई होतं, त्याच्या आधी गाठायचं असतं. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी केली तर मधे एक अख्खी पिढी निघून जाते.

मुंग्या असतील तर कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. एवढं केलं की बाकीचं काम सात ठिपक्यांचा तांबडा भुंगेरा आणि त्याची अळी करतात. अळी काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, इवल्या मगरीसारखी दिसते. तिला कीड समजून चिरडलं जातं ते फार वाईट. अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीनेक आठवडे लागतात आणि तेवढ्यात माव्याच्या दोन पिढ्या होतात. म्हणून तो नेहमी उशिरा आल्यासारखा वाटतो. दोन आठवडे धीर धरला आणि औषध मारलं नाही तर तो मावा गाठतोच.

शेंड्यावर काही किडे फुगून तपकिरी, कागदासारखे कोरडे होऊन चिकटलेले दिसतील. त्यांच्या पोटात एका अगदी छोट्या गांधीलमाशीने अंडं घातलेलं असतं. अळी माव्याला आतून खाते आणि त्याच्याच कातडीत कोष करते. भिंगातून पाहा: पाठीला गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेली आहे. भोक नसेल तर ती अजून आतच आहे. ते पान खुडू नका आणि त्यावर साबणही मारू नका.